एक मनोरा, अनेक अँटेना

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या पुराने चिपळूण शहर वेढले गेले. बाजारपेठ पाण्याखाली गेली, वीज खंडित झाली आणि मोबाईल सेवाही कोलमडली. अशा वेळी स्वतःच्या बॅटरीवर चालणारे बिनतारी संच हाच संदेशवहनाचा खात्रीचा आधार असतो. पोलीस, महसूल व पाटबंधारे खाती आणि परवानाधारक हौशी रेडिओचालक अशा अनेकांना त्या वेळी एकाच परिसरातून बोलावे लागते.

बिनतारी संचांच्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात १६ मीटर उंचीवरील अँटेनापासून भूपृष्ठाशी असलेल्या संचाचे क्षितिज सुमारे १६ किलोमीटर असते. चिपळूणला मात्र पूर्वेस सह्याद्री आणि उत्तरेस परशुरामचा डोंगर आहे. सोयीच्या उंच जागा थोड्या असल्याने प्रत्येकाने वेगळा मनोरा उभारण्यापेक्षा एकाच मनोऱ्यावर सर्वांचे अँटेना बसविणे काटकसरीचे ठरते. तथापि हे काम शास्त्रशुद्ध रीतीने झाले नाही, तर ऐन पुरात एकाचे बोलणे दुसऱ्याचे ऐकणे बंद पाडते.

अडथळा कसा निर्माण होतो?

पंचवीस वॅटचा प्रक्षेपक बोलत असताना शेजारचा ग्राही दूरच्या गावाहून येणारा अर्ध्या मायक्रोव्होल्टचा क्षीण संदेश ऐकण्याच्या प्रयत्नात असतो. कानाशी ढोल वाजत असता कुजबुज ऐकू येऊ नये, तशी त्याची स्थिती होते. दोघांच्या कंप्रता निराळ्या असल्या तरी जवळच्या प्रबळ लहरींनी ग्राही बधिर होतो.

यावर पहिला उपाय अंतराचा. उभ्या अँटेनातून लहरी आडव्या दिशांना पसरतात. त्याच्या टोकांच्या दिशेने फार थोड्या जातात. म्हणून अँटेना शेजारी शेजारी न लावता एकाच उभ्या रेषेत, एकाखाली एक लावावेत. १५० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी २ मीटर असते. अशा दोन साध्या अँटेनांत ४ मीटरांचे उभे अंतर ठेवल्यास एकाची सुमारे दहा हजारांश शक्तीच दुसऱ्यात शिरते. तेच अंतर आडवे ठेवल्यास ती अडीचशेव्या भागाइतकी असते. दहा हजारांश भागही क्षीण संदेशाच्या हजारो कोटी पट असतो. त्यामुळे कंप्रतांत पुरेसे अंतर राखणे आणि योग्य फिल्टर बसविणे हेही आवश्यक आहे.

शेंड्याची जागा सर्व दिशांना बोलावे लागणाऱ्या संचास द्यावी. मनोऱ्याच्या अंगास आडव्या दांड्यावर बसविलेल्या अँटेनाची पोच मनोऱ्याच्या मागील बाजूस घटते. म्हणून ज्या गावांशी संपर्क हवा, त्या दिशेस त्याचे तोंड असावे.

गंज, वारा आणि वीज

कोकणच्या दमट हवेत सांधे लवकर गंजतात. गंजलेल्या सांध्यावर दोन प्रक्षेपकांच्या लहरी एकाच वेळी पडल्या, की त्यांतून नव्या कंप्रता जन्मतात. १५० व १५०.५ मेगाहर्ट्‌झ यांपासून १४९.५ आणि १५१ मेगाहर्ट्‌झच्या लहरी निर्माण होतात व तिसऱ्याच संचात खरखर ऐकू येते. म्हणून जस्तलेपित नट-बोल्ट वापरावेत, सैल सांधे घट्ट करावेत व गंजलेले भाग बदलावेत.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २३ किलोग्रॅम भरतो; वेग दुप्पट होताच तो ९२ किलोग्रॅम होतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांत हानी केली, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रत्येक नव्या अँटेनाबरोबर मनोऱ्यावरील भार वाढतो. त्यामुळे तो चढविण्यापूर्वी अभियंत्याकडून पाया व ताणतारा तपासून घ्याव्यात.

मनोरा, सर्व केबलींची बाह्य आवरणे आणि संच यांचे अर्थिंग एकमेकांस जोडलेले असावे. जांभ्याची कोरडी जमीन वीज सहज वाहून नेत नाही. म्हणून अर्थिंगची मोजणी उन्हाळ्यात करावी. पावसाळ्यातील समाधानकारक आकडा फसवा ठरू शकतो.

जबाबदारी कोणाची?

सामाईक मनोऱ्याचा मोठा धोका असा, की तो सर्वांचा असल्याने कोणाचाच राहत नाही. तो पडला तर सर्वांचेच संदेशवहन एकदम थांबते. यासाठी एका कार्यालयाकडे देखभाल निश्चितपणे सोपवावी आणि प्रत्येक अँटेनाची उंची, कंप्रता व मालक यांची नोंदवही ठेवावी. नोंद व परवाना नसलेला अँटेना चढवू देऊ नये. एक राखीव अँटेना अन्य ठिकाणी असावा. संच व बॅटऱ्या पूररेषेच्या वर ठेवाव्यात. मनोरा टेकडीवर आणि बॅटरी तळमजल्यावर, अशी व्यवस्था निरुपयोगी होय.

दरवर्षी मे महिन्यात सर्व संच एकाच वेळी चालवून चाचणी घ्यावी. एकेक संच स्वतंत्रपणे तपासल्यास परस्परांतील अडथळा कधीच दिसत नाही, कारण पुरात ते सर्व एकाच वेळी बोलणार असतात. ग्रामपंचायतींनी या चाचणीत भाग घेऊन आपल्या गावी कोणाचा संदेश स्पष्ट येतो व कोणाचा येत नाही, हे लेखी कळवावे. तेवढ्या एका कागदावरून मनोऱ्यावरील दोष पावसापूर्वी दूर करता येईल.