खटला कोणाचा?

अप्पांचे शेत आणि त्यांच्या चुलतभावाचे शेत लागून आहे. मध्ये एकच बांध. बांध लहान, पण त्यावरून भांडण मोठे झाले. चुलतभाऊ म्हणाला, "अप्पांनी बांध कोरला. माझी तीन गुंठे जमीन खाल्ली." अप्पा म्हणाले, "माझा नांगर बांधाला लागलेलाच नाही." दोन घरांचे बोलणे बंद झाले. एके दिवशी कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन अप्पांच्या दारात आला.

अप्पांना वाचता येत नव्हते. समन्स खिशात घालून ते तारखेच्या दिवशी तालुक्याला गेले. कोर्टासमोर वडाचे झाड आहे. झाडाखाली टाइप करणारे, स्टॅम्प विकणारे, चहावाले यांची गर्दी असते. तेथे एका वकिलांचा कारकून भेटला. तो म्हणाला, "काळजी सोडा अप्पा. आमच्या साहेबांकडं काम द्या."

अप्पांनी पाच हजार रुपये दिले. पावती मागितली नाही. कारकुनाने चार कागद पुढे केले. अप्पांनी चारही कागदांवर अंगठा उठवला. त्यांतले दोन कागद कोरे होते. घरातले अस्सल खरेदीखतही त्यांनी देऊन टाकले.

मग तारखा सुरू झाल्या. अप्पा पहाटेची एस.टी. धरून तालुक्याला जात. वडाखाली बसत. दुपारी कारकून येई. तीनशे रुपये घेई आणि म्हणे, "पुढची तारीख पडली. आत जायची गरज नाही. साहेब बघतात." अप्पा घरी परत येत. असे दीड वर्ष चालले. पुढे कारकून दिसेनासा झाला. अप्पांना वाटले, खटला मिटला असेल.

एका सकाळी बेलीफ पुन्हा दारात आला. त्याने एक नोटीस दिली. अप्पांची सून तेव्हा रात्रीच्या साक्षरता वर्गाला जात होती. तिने कागद हातात घेतला आणि एकेक अक्षर लावून वाचला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"मामा, आपण दावा हरलो. चार महिने झाले. तीन गुंठ्यांचा ताबा द्या, असं लिवलंय."

अप्पा मटकन खाली बसले. "आगं, माझं म्हणणं कुणी ऐकलंच न्हाई. मग हरलो कसा?"

सुनेने विचार केला. जे झाले ते कोर्टाच्या दप्तरात लिहिलेले असणार. दुसऱ्या दिवशी ती अप्पांना घेऊन कोर्टात गेली. नकलेसाठी अर्ज केला, फी भरली आणि रोजनाम्याची नक्कल मिळवली. कोणत्या तारखेला कोर्टात काय घडले, ते रोजनाम्यात लिहिलेले असते.

वडाखाली बसून तिने रोजनामा वाचला. मुदतीत अप्पांची कैफियत दाखल झाली नव्हती. चुलतभावाची साक्ष झाली, पण त्याला उलट प्रश्न कोणी विचारले नव्हते. आणि एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. "प्रतिवादी गैरहजर." तिने मोजले. तो शब्द सात वेळा होता.

अप्पा म्हणाले, "गैरहजर कसा? त्या दर तारखेला मी हितंच बसलो व्हतो! ह्याच झाडाखाली!"

अप्पा खरे बोलत होते. पण कोर्टाची हजेरी झाडाखाली लागत नाही. आत पुकारा होतो. नाव पुकारले की आपण किंवा आपल्या वकिलांनी उभे राहावे लागते. अप्पा बाहेर बसले होते आणि आत त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहिले जात होते.

दोघे वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, "माझ्याकडे शेकडो कामे आहेत. कारकून काम सोडून गेला. मला कोणी आठवण केली नाही." सुनेने कागद परत मागितले. वकील म्हणाले, "आधी राहिलेली फी द्या."

कोर्टाच्या आवारातच एक पाटी होती. "तालुका विधी सेवा समिती." सुनेने पाटी वाचली आणि आत शिरली. ज्यांना वकील लावणे परवडत नाही, त्यांना येथे वकील मिळतो. अप्पांनी अर्ज केला आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र दिले. काही दिवसांत समितीने एक वकीलबाई नेमून दिल्या. त्यांनी वकीलपत्र पुढे केले आणि म्हणाल्या, "आधी वाचा. मग सही करा."

सुनेने ते मोठ्याने वाचले. वाचायला अर्धा तास लागला. वकीलबाई थांबल्या.

त्या म्हणाल्या, "अप्पा, हा निकाल एकतर्फी झाला आहे. असा निकाल रद्द करा, असा अर्ज करता येतो. पण त्याची मुदत तीस दिवसांची असते. तुम्हांला चार महिने झाले. म्हणून उशीर माफ करण्याचाही अर्ज द्यावा लागेल. उशिराचे खरे कारण सांगा. कोर्टाला पटले तर तुमची बाजू ऐकतील. मी हमी देत नाही. पण मेहनत करीन."

जुन्या वकिलांकडचे कागदही परत मिळाले. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००० साली झालेला आहे. वकीलबाईंनी तसे पत्र लिहिताच खरेदीखत हाती आले.

कोर्टाने उशीर माफ केला, पण अप्पांना दीड हजार रुपये खर्च चुलतभावाला द्यावा लागला. एकतर्फी निकाल रद्द झाला. कैफियत दाखल झाली. मग जमिनीची सरकारी मोजणी झाली. मोजणीत काय निघाले? बांध खरोखरच सरकला होता. तीन गुंठे नव्हे, एक गुंठा. तो अप्पांच्या वडिलांच्या वेळेपासूनच सरकलेला होता.

प्रकरण लोकअदालतीत ठेवले. अप्पांनी एक गुंठा सोडला. चुलतभावाने दोन गुंठ्यांचा हट्ट सोडला. तडजोडीचा कागद तयार झाला. अप्पांनी तो सुनेकडून दोनदा वाचून घेतला. एका ठिकाणी गट नंबर चुकला होता. तो दुरुस्त करून घेतला. मगच अंगठा उठवला.

परत येताना अप्पा म्हणाले, "पोरी, एक गुंठा गेला त्याचं दुःख न्हाई. तो माझा नव्हताच. पण दीड वर्ष मी झाडाखाली बसलो, त्याचं वाईट वाटतं."

या गोष्टीतून काय शिकावे?

वकील हे सगळे फसवणारे नसतात. पुष्कळ वकील मन लावून काम करतात. वकीलबाईही वकीलच होत्या. मग चूक कोठे झाली? जुन्या वकिलांनी काम पाहिले नाही, ही त्यांची चूक. पण अप्पांनीही कधी काही विचारले नाही. खटला वकिलांचा आहे, असे त्यांना वाटले. खटला आपला असतो. वकील आपल्या वतीने बोलणारा माणूस असतो.

वकील करताना एवढे करा

१. फी किती, ती कशाकशाची, हे आधी ठरवा. दिलेल्या पैशाची पावती घ्या.

२. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. लिहिलेला कागद वाचा किंवा विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या.

३. अस्सल कागद दिलाच, तर काय दिले त्याची यादी करून त्यावर पोच घ्या. झेरॉक्स घरी ठेवा.

४. समन्स मिळाले की लगेच वकील गाठा. दिवाणी दाव्यात कैफियत तीस दिवसांत द्यायची असते. कोर्ट फार तर नव्वद दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते.

५. तारखेला कोर्टाच्या खोलीत जाऊन बसा. आज काय झाले आणि पुढे काय होणार, हे वकिलांना विचारा. विचारण्यात लाज नाही.

६. प्रत्येक खटल्याला सी.एन.आर. नावाचा सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. तो लिहून ठेवा. मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो नंबर घातला की पुढची तारीख दिसते. घरातला शाळकरी मुलगाही ती पाहून देईल.

७. "जिंकलो तर जमिनीत हिस्सा द्या," असे कोणी वकील म्हणाला तर सावध व्हा. असा करार वकिलांच्या नियमांत बसत नाही.

फुकट वकील कोणाला मिळतो?

गरिबाला न्याय मिळावा म्हणून सरकारने फुकट कायदेशीर मदत द्यावी, असे आपल्या राज्यघटनेत १९७६ सालच्या दुरुस्तीने लिहिले गेले. त्यासाठी १९८७ साली कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे.

स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, कारखान्यातले कामगार, कोठडीतले कैदी, पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेले लोक यांना ही मदत मिळते. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. इतरांपैकी ज्यांचे उत्पन्न सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे, त्यांनाही ती मिळते. मर्यादा किती, ते कचेरीत विचारावे.

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. १५१०० या नंबरावर फोन करूनही चौकशी करता येते. समितीने दिलेल्या वकिलाने आपल्याकडून फी घ्यायची नसते. कोणी मागितली, तर समितीला कळवा.

वकील मुळीच काम करीत नसेल, तर वकील बदलता येतो. वकिलाने गैरवर्तन केले, तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. ग्राहक न्यायालयात मात्र ही तक्रार चालत नाही. तसा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला.

लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसते. म्हणून तो कागद पक्का समजून घेतल्यावाचून सही करू नका.

शब्दांचे अर्थ

समन्स – कोर्टात हजर राहण्याचा हुकूम
वकीलपत्र – अमुक वकील माझ्या वतीने काम पाहतील, असा कागद
प्रतिवादी – ज्याच्यावर दावा केला तो
कैफियत – प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर
एकतर्फी निकाल – एकाच बाजूचे ऐकून दिलेला निकाल
रोजनामा – खटल्यात दर तारखेला काय झाले त्याची कोर्टाची नोंद

प्रश्न

१. अप्पा दर तारखेला जात होते, तरी गैरहजर कसे ठरले?
२. सुनेला खरी गोष्ट कोणत्या कागदातून कळली?
३. अप्पांनी पहिल्या दिवशी कोणत्या चुका केल्या?
४. तुमच्या घरात कोर्टाचा एखादा कागद आहे का? तो काढा. त्यातली तारीख आणि खटल्याचा नंबर वाचून वहीत उतरवा.