स्पॅनिश ग्राहकाला 'माल येईल असं वाटत नाही' कसं सांगाल?

मंडळी, व्हिडिओत ही गोष्ट घाईत झाली, म्हणून इथे लिहितोय.

मराठीत आपण म्हणतो, 'माल सोमवारी येईल असं वाटतं' आणि 'येईल असं वाटत नाही'. दोन्हीकडे 'येईल' तेच. स्पॅनिशमध्ये मात्र क्रियापद बदलतं, आणि आपण नेमके तिथेच अडकतो.

खात्री असेल तर: क्रेओ के एल पेदिदो येगा एल लुनेस. (ऑर्डर सोमवारी येईल असं वाटतं.)
शंका असेल तर: नो क्रेओ के एल पेदिदो येगे एल लुनेस. 'दुदो के', म्हणजे 'मला शंका आहे की', यानंतरही येगेच.

'येगा'चं 'येगे' झालं. मूळ क्रियापदाच्या शेवटी 'आर' असेल तर आ जाऊन ए येतो. 'एर' किंवा 'इर' असेल तर उलटं: वेंदे (विकतो) चं वेंदा. काही रूपं सरळ पाठच करावी लागतात. दुकानदाराला रोज लागणारं म्हणजे आय (आहे) चं आया: नो क्रेओ के आया स्तोक, स्टॉक असेल असं वाटत नाही.

शंका स्वतःबद्दलच असेल तर 'के' न घालता साधं मूळ रूप चालतं: दुदो पोदेर एन्त्रेगार, मला डिलिव्हरी देता येईल का शंकाच आहे.

बोलताना चुकलात तरी समोरचा समजून घेतो हो. खरा धोका ऐकताना आहे. फोनवर सुरुवातीचा 'नो' सहज निसटतो. सप्लायरकडून 'येगे' ऐकू आलं, तर माल नक्की धरून गिऱ्हाईकाला तारीख देऊ नका. आधी पुन्हा विचारा.