पाय टेकले म्हणजे सीट लहान झाली का?

प्रश्न : माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. वजन साडेआठ किलो. कार सीटमध्ये त्याचे पाय गाडीच्या सीटला टेकतात. सासूबाई म्हणतात, आता त्याला पुढे तोंड करून बसवा. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाय टेकणे ही सीट लहान झाल्याची खूण नव्हे. मुले पाय सहज दुमडून बसतात. खरी खूण डोक्याची. डोक्याचा माथा आणि सीटच्या कवचाची वरची कड यांत अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर उरले, किंवा सीटवर छापलेली वजनाची वा उंचीची मर्यादा गाठली, की सीट बदला. अनेक सीट्सना वजनाची मर्यादा 13 किलो असते. पण बहुतेक बाळे उंचीची मर्यादा आधी गाठतात.

त्यानंतरची सीटही मागे तोंड करून बसवता येणारी घ्या. लहान मुलाचे डोके जड आणि मान नाजूक असते. मागे तोंड असले, की समोरून बसलेल्या धडकेचा धक्का सीटची पाठ झेलते. युरोपात लागू असलेल्या, कार सीटविषयीच्या आर-129 नियमानुसार किमान 15 महिन्यांपर्यंत मागेच तोंड हवे. त्यानंतरही सीटच्या मर्यादेपर्यंत तसेच ठेवणे उत्तम. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मात्र अशी सीट कधीही लावू नका.