खरखरीत भिंत

जर्मनीतल्या पुष्कळ भिंतींवर खरखरीत कागद असतो. त्याला 'राउफाझर' म्हणतात. त्यात लाकडाचे बारीक तुकडे असतात. ह्यूगो एरफुर्ट यांनी तो १८६४ मध्ये तयार केला.

आमच्या मराठी वर्गातही तोच! २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी आम्ही अक्षरांचे तक्ते केले. पण चिकटपट्टी नुसती उंचवट्यांना चिकटायची. पाच मिनिटांत 'क' खाली! वर्ग भाड्याचा, म्हणून खिळे ठोकायचे नाहीत.

"आजी कपडे कुठे वाळत घालते?" ताईंनी विचारलं.

"दोरीवर!"

मग खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी बांधली. चिमट्यांनी 'अ' ते 'ज्ञ' टांगले. तास संपल्यावर सगळं पिशवीत. भिंत जशीच्या तशी!

शब्द : उंचवटा – वर आलेला भाग

सांगा पाहू :
१. 'क' खाली का पडला?
२. तुमच्या वर्गात तक्ते कुठे लावता?