पॉलिसीच्या पानावरील नाव

विम्याच्या पॉलिसीत विमेदाराचे नाव, जन्मतारीख, हप्त्याची रक्कम यांच्या जोडीने एजंटाचे नाव आणि सांकेतिक क्रमांकही छापलेला असतो. आणि माझ्या पॉलिसीत त्या जागी बत्तीस वर्षांपासूनच्या माझ्या मित्राच्या पत्नीचे नाव आहे, हे मला पाच महिन्यांनी, पत्ता बदलून घेण्यासाठी तो दस्तऐवज कपाटातून काढला तेव्हा कळले. कागद घेऊन आलेला तरुण हाच एजंट, अशी माझी समजूत होती. त्या ओळीवर बोट ठेवून मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो.

पर्वती उतरून चहा घेताना या मित्राने या पॉलिसीची स्तुती एकदा नव्हे, चारदा केली होती आणि दर वेळी म्हणाला होता, "मी स्वतः घेतली आहे म्हणून सांगतो, मला यात काय मिळायचंय?" हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

जाब विचारल्यावर तो ओशाळला असता, तर प्रकरण तिथेच मिटले असते. तो म्हणाला, "पॉलिसी वाईट आहे का? मग तुझं बिघडलं काय?" आणि वर, "हवं तर कमिशनातलं अर्धं तुला देतो." विमा अधिनियम, 1938 च्या कलम 41 अन्वये असा वाटा देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध असून दंड 10 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, म्हणजे ज्याने मला अंधारात ठेवले, तोच आता मला गैरकृत्यात सामील करून गप्प बसवू पाहत होता.

दलाली करणे हे पाप नव्हे. परंतु स्नेहामुळे सैल सोडलेल्या माझ्या सावधपणाचा मला न कळवता व्यापारासाठी उपयोग करणे, याला मी विश्वासघातच म्हणतो. जाहिरातीत शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक हितसंबंध उघड करावा, असे केंद्र सरकारची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; चहाच्या टपरीवरील मैत्रीला मात्र कोणताही कायदा पुरा पडत नाही. आईच्या गुडघ्यांसाठी त्याने सुचवलेला डॉक्टर, मुलीसाठी सुचवलेला क्लास, या सर्वांची मी आता मनाशी फेरतपासणी करीत बसतो, हे नुकसान कोणत्या हप्त्यात मोजावे?

म्हणून इतरांना सांगतो. "तुला कमिशन आहे का?" एवढेच विचारू नये, कारण त्या प्रश्नाला माझा मित्र प्रामाणिकपणे नाही म्हणू शकला असता, "तुझा किंवा तुझ्या घरातल्या कोणाचा यात संबंध आहे का?" असे विचारावे. पॉलिसी हाती पडताच एजंटाचे नाव वाचावे, कारण ती परत करण्याची मुदत सध्या 30 दिवसांची आहे आणि त्या मुदतीत मुद्रांक शुल्कासारखे किरकोळ खर्च वजा जाता हप्ता परत मिळतो. माझी मुदत केव्हाच टळली होती. सही करण्यापूर्वी सर्व वाचावे, घरी विचारावे, घाई करू नये, हे तर आहेच. "वाचायला हवं होतं," असे मला ऐकवणाऱ्यांना एवढेच विचारतो, की मित्राचा शब्दही आता दस्तऐवजाशी ताडून पाहायचा काय?

आणि ज्यांच्या घरी एजन्सी आहे त्यांनी पहिल्याच वाक्यात तसे सांगावे. त्याने सांगितले असते, तर मी ही पॉलिसी तरीही घेतली असती. वहिनींना काम मिळाले, या आनंदाने घेतली असती.