कुलूपबंद फायली आणि घानामधील कार्यालय

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे संगणक एकाएकी निरुपयोगी झाले. ते टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होते. 'नॉटपेट्या' या संगणक-विषाणूने समूहाच्या जगभरच्या फायली सांकेतिक कुलपात बंद केल्या होत्या. पडद्यावर खंडणीची मागणी होती. परंतु किल्ली परत मिळण्याची सोयच विषाणूत नव्हती. मर्स्कला तारले ते घानामधील कार्यालयाने. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेल्याने एक सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला राहिला आणि त्यावरील अखंड प्रतीच्या आधारे सारे जाळे पुन्हा उभारता आले. विजेच्या लपंडावाचे असे उपकार विरळाच!

फुलसावंगीसारख्या (ता. महागाव, जि. यवतमाळ) गावाच्या ग्रामपंचायतीने मात्र वीज जाण्याच्या भरवशावर राहू नये. जन्म-मृत्यू व करआकारणीच्या नोंदींची प्रत दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी; जोडलेली राहिल्यास तीही कुलूपबंद होते. बाधित संगणक प्रथम जाळ्यापासून तोडावा, फायली मात्र पुसू नयेत. काही विषाणूंच्या किल्ल्या पुढे तपासयंत्रणांच्या हाती लागल्या असून, २०१६ मध्ये युरोपोल व डच पोलिसांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' उपक्रमातून त्या विनामूल्य मिळतात.