पिवळा माका : ओळख आणि लागवड

माका म्हटला म्हणजे केसांच्या तेलात घालण्यात येणारी, पांढऱ्या फुलांची वनस्पती बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. पिवळा माका तिच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुलातील असला, तरी तो वेगळ्या वंशातला आहे आणि बहुवर्षायू आहे. याचे शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेशिया. जुन्या ग्रंथांत त्याचा निर्देश वेडेलिया या नावाने आढळतो. हे नाव येना येथील सतराव्या शतकातील जर्मन वैद्य गेओर्ग वेडेल यांच्यावरून पडले. सध्याच्या वंशात ही वनस्पती प्रुस्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९६ साली आणली. जुने नाव मात्र एका रसायनाच्या रूपाने टिकून आहे. १९५६ मध्ये टी. आर. गोविंदाचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वनस्पतीतील वेडेलोलॅक्टोन या द्रव्याची रासायनिक रचना प्रसिद्ध केली. पुढे हेच द्रव्य पांढऱ्या माक्यातही सापडले. यकृताच्या विकारांवर दोन्ही माके परंपरेने वापरीत आले आहेत, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय होय.

पिवळ्या माक्याचे खोड जमिनीसरपट वाढते आणि पेऱ्यापेऱ्यांतून मुळे फुटतात. पाने समोरासमोर, लांबट, स्पर्शास खरखरीत व अखंड असून कडेला थोडेच दाते असतात. लांब देठावर एकेकटे पिवळे फूल येते. वस्तुतः हे एक फूल नसून अनेक पुष्पकांचा गुच्छ, म्हणजे स्तबक असतो.

लागवडीस बियांपेक्षा छाट कलमे सोयीची. पावसाळ्याच्या आरंभी तीन-चार पेऱ्यांचे तुकडे घेऊन, निदान एक पेर मातीत राहील अशा बेताने, ओलसर जागी लावावेत. अर्धवट सावली चालते. पाटाच्या किंवा विहिरीच्या कडेची जागा उत्तम. जमीन कोरडी पडू देऊ नये, एवढे सांभाळले की पुढे फारशी मशागत लागत नाही. पाला काढताना बुंध्याकडील भाग राखावा, म्हणजे नवे फुटवे येतात.

पेऱ्यापेऱ्यांतून मुळे फोडण्याचा हा गुण लागवड करणाऱ्यास जितका उपकारक, तितकाच तो या वनस्पतीच्या परदेशी बहिणीत उपद्रवकारक ठरला आहे. ती म्हणजे मध्य व दक्षिण अमेरिकेतील स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. जमीन झाकणारी शोभेची वेल म्हणून तिचा जगभर प्रसार झाला, आणि आज जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिची गणना होते. दक्षिण चीनमध्ये या दोन जातींचे नैसर्गिक संकरही आढळले आहेत; अर्थात देशी जातीचे शुद्ध बियाणेच धोक्यात येते.

बंगळूरच्या उद्यानांतून हिचे पिवळे गालिचे दिसतात. या शहराच्या उत्तरेस हेब्बाळ आहे. तेथे १८९९ साली म्हैसूरच्या महाराणींनी दिलेल्या ३० एकर भूमीवर प्रायोगिक शेती सुरू झाली. तिच्यातूनच पुढे कृषी विद्यापीठ उदयास आले. त्याच हेब्बाळात मोठा तलाव आहे. बंगळूरचे तलाव एकाकी नाहीत. वरच्या तलावाचे पाणी नाल्यांवाटे खालच्या तलावास मिळते, आणि हेब्बाळचे पाणी नागवाऱ्याकडे उतरते. अशा रचनेत बागेतून छाटून नाल्यात टाकलेला एक पेराचा तुकडासुद्धा दूरच्या काठावर रुजू शकतो. कचरा म्हणून फेकलेले ते बियाणेच होय!

म्हणून रोप घेताना पान पाहावे. परदेशी जातीचे पान रुंद, चकचकीत आणि बहुधा तीन खंडांचे असते. कोवळ्या पानांत खंड अस्पष्ट असल्याने एका पानावरून निर्णय करू नये. जुनी आठ-दहा पाने तपासावीत. शाळेच्या बागेत परदेशी जात आधीच असल्यास ती मुळांसकट उपटून फरशीवर उन्हात पूर्ण वाळवावी. ओल्या खड्ड्यात पुरल्यास ती पुन्हा फुटते.